गाजलेल्या अल्बमच्या नव्या आवृत्तीवर मत द्यायचंय? आधी आवाज जुळवा

'नवी आवृत्ती जास्त मोकळी, जास्त जिवंत वाटते.' रीमास्टरच्या, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाच्या नव्याने घडवलेल्या आवृत्तीच्या, परीक्षणांत हे वाक्य हमखास भेटतं. बहुतेक वेळा त्यातून खरं एवढंच कळतं की नवी आवृत्ती जास्त जोरात वाजते. जोरात वाजणारं गाणं कानाला आधी 'मोठं' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. निम्मा-एक डेसिबल फरकही त्यासाठी पुरतो. त्यामुळे 'आरामात बसा, डोळे मिटा, मनाला काय वाटतं ते लिहा' हा सल्ला कामाचा नाही. मनाला जे वाटतं ते त्या वेळी आवाजाचं बटण ठरवत असतं.

दोन्ही आवृत्त्या, बरे हेडफोन आणि लाउडनेस (कानाला जाणवणारा सरासरी आवाज) मोजू शकणारं एखादं फुकट ऑडिओ-एडिटर तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

१. हातात कोणती आवृत्ती आहे

अल्बमचं नाव पुरेसं नाही. कॅटलॉग क्रमांक टिपा, एलपी असेल तर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेली अक्षरं, सीडी असेल तर आतल्या कड्यावरचा मजकूर. वर्तुळातल्या 'पी'शेजारचं साल ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं, तुमच्या प्रतीच्या छपाईचं नव्हे. स्ट्रीमिंगवरची 'मूळ' आवृत्ती तुलनेला घेऊ नका. तिथे त्याच नावाखाली मास्टर (ज्यावरून प्रती निघतात ते अंतिम ध्वनिमुद्रण) बदलला जातो आणि कोणी सांगत नाही.

जुन्या सीडीचा एक सापळा आहे. १९८०च्या दशकातल्या काही सीडींवर वरच्या पट्टीतले स्वर मुद्दाम वाढवून ठेवले आहेत आणि प्लेअरने ते वाजवताना कमी करावेत अशी खूण डिस्कवर घातली आहे. संगणकावर कॉपी करणारी पुष्कळ सॉफ्टवेअर ही खूण पाहतच नाहीत. मग अगदी वरच्या टोकाला जवळपास १० डेसिबल जादा उरतात आणि परीक्षणात 'जुनी सीडी कर्कश' असं छापून येतं. या वाढीला प्री-एम्फसिस म्हणतात. तिची खूण आहे का ते तपासा. असेल तर डी-एम्फसिस, म्हणजे ती वाढ उतरवणारा फिल्टर, लावूनच पुढे जा.

२. रीमास्टर, रीमिक्स की बदललेलं वादन

रीमास्टर म्हणजे तयार मिक्सवरची (सगळी वाद्यं आणि गळे एकत्र बसवलेल्या ध्वनिमुद्रणावरची) शेवटची प्रक्रिया. रीमिक्स म्हणजे मूळ मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळं असलेली टेप) उघडून आवाजांची मांडणी नव्याने करणं. नाचाच्या ठेक्यावर बसवलेल्या गाण्याचा इथे संबंध नाही. वेष्टणावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नेहमी खरं असतं असंही नाही. बीटल्सच्या 'हेल्प!' आणि 'रबर सोल' यांच्या १९८७च्या सीडींवर १९६५चे स्टीरिओ मिक्स नाहीत. जॉर्ज मार्टिन यांनी ते तेव्हा नव्याने केलेले आहेत. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' १९६६मध्ये मोनोत आला, पूर्ण स्टीरिओ मिक्स थेट १९९७चा. ऑझी ऑस्बॉर्नच्या पहिल्या दोन अल्बमचं प्रकरण तर कहर आहे: २००२च्या आवृत्तीत मूळ बेस आणि ड्रम काढून दुसऱ्या वादकांकडून वाजवून घेतले होते. २०११मध्ये मूळ वादन परत आलं. २००२ची प्रत ऐकून मूळ ड्रमरच्या हाताबद्दल लिहिलं तर ते लिखाण दुसऱ्याच माणसाबद्दल होतं.

वेगही तपासून घ्या. पहिल्या सुरापासून शेवटच्या ठळक सुरापर्यंतचा वेळ दोन्ही आवृत्त्यांत मोजा. पाच मिनिटांत तीन सेकंदांचा फरक म्हणजे १ टक्का, म्हणजे सुरात सुमारे १७ सेंट (अर्धस्वर १०० सेंटचा). माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या २ मार्च १९५९च्या सत्रात मुख्य टेप-यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना एलपीवर चढ्या सुरात वाजत राहिल्या. १९९२मध्ये दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ते सुधारलं गेलं. जुन्या प्रतीची सवय असलेल्यांना सुधारलेली आवृत्ती 'सुस्त' वाटते. ते वाटणं खरं आहे, पण कारण सवय आहे, आणि परीक्षणात ते तसंच लिहायला हवं. जुन्या ७८च्या तबकड्यांत हा घोळ फार मोठा होतो. ७४ फेऱ्यांच्या वेगाने कोरलेली तबकडी ७८ने वाजवली की काळी एकमध्ये गाणारा जवळजवळ पांढरी दोनमध्ये, म्हणजे सुमारे अर्धस्वर वर, जातो आणि तान उगाच चपळ वाटते.

३. आवाज जुळवणं

गाडी अडते ती इथेच.

आधी प्लेअरमधलं आपोआप आवाज सारखा करणारं सेटिंग, इक्वलायझर आणि 'थ्रीडी' छापाचे सगळे परिणाम बंद करा. दोन्ही फाइली एडिटरमध्ये एकाखाली एक ठेवा, ३२ बिट फ्लोट या सेटिंगमध्ये.

आता 'नॉर्मलाइझ' बटण दाबू नका. बहुतेक एडिटरमध्ये ते शिखरं जुळवतं, म्हणजे फाइलमधला सर्वांत उंच क्षण. जुन्या सीडीचंही शिखर शून्याला (डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेला) टेकलेलं असू शकतं आणि नव्या रीमास्टरचंही, तरी सरासरी आवाजात ६-७ डेसिबल अंतर असतं. शिखरं जुळवून केलेली तुलना म्हणजे न जुळवता केलेली तुलना. फोनवरचं आवाज मोजायचं अॅप किंवा 'कानाने सारखं वाटेपर्यंत नॉब फिरवणं' हेही सोडा. इथे ०.२ डेसिबलच्या आत राहायचं आहे आणि त्या अॅपची चूकच त्याहून मोठी असते.

पूर्ण गाण्याची सरासरी घेऊ नका. गाण्यातला २०-३० सेकंदांचा भरगच्च तुकडा निवडा, दोन्हीकडे अगदी तोच कापा आणि एलयूएफएसमध्ये (लाउडनेसचं एकक, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा) मोजा. समजा जुनी −१५.० आणि नवी −९.० निघाली. नवी ६.० डेसिबलने खाली आणा. नेहमी मोठी खाली आणायची. जुनी वर ढकललीत तर तिची शिखरं कापली जातील आणि तिला विनाकारण दोष लागेल.

मग त्याच गाण्यातला शांत तुकडा मोजा. इथे जुनी −२४.० आणि नवी −१५.० असेल तर फरक ९ डेसिबलचा आहे. भरगच्च जागी ६, शांत जागी ९. याचा अर्थ नव्या मास्टरिंगने हळू आणि जोरदार यांतलं ३ डेसिबल अंतर खाल्लं. परीक्षणात लिहिण्यासारखा सर्वांत ठोस आकडा हाच, आणि तो जवळजवळ कोणीच देत नाही. एकाच गाण्यावर थांबू नका. सुरुवातीचं, मधलं आणि सर्वांत हळुवार अशी तीन तरी घ्या.

मीटरवरही आंधळा विश्वास नको. एलयूएफएसच्या गणितात खालचा खर्ज कमी मोजला जातो आणि साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचा भाग जास्त. नव्या आवृत्तीत वरची पट्टी चढवली असेल तर मीटर तिला 'मोठी' समजून गरजेपेक्षा जास्त खाली आणतं आणि गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. खर्ज वाढवला असेल तर तो मीटरमधून निसटतो. म्हणून शेवटचा अर्धा डेसिबल मुख्य आवाजावर जुळवा: गायक, नाहीतर सॅक्सोफोन, सतार, जे पुढे असेल ते. दोन्हीकडे गायक तेवढ्याच अंतरावर उभा वाटला की उरतो तो फरक सुराच्या रंगाचा.

दोन्ही तुकडे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत एका रेषेत आणा आणि सोलो बटणाने अदलाबदल करत ऐका. तुकडा १० सेकंदांहून लांब नको, कानाची आठवण तेवढीच टिकते. मग फाइलींची नावं कोणाकडून तरी लपवून घ्या आणि १० वेळा ओळखायचा प्रयत्न करा. १० पैकी ९ किंवा जास्त निव्वळ नशिबाने यायची शक्यता १ टक्क्याच्या आसपास आहे. ८ धरले तर ती साडेपाच टक्के होते. सहा-सात बरोबर आले तर 'फरक ऐकू येत नाही' असं लिहा. त्यात लाज नाही. न ऐकू आलेल्या फरकावर तीन परिच्छेद लिहिणं मात्र लाजिरवाणं आहे.

डीआर (डायनॅमिक रेंज, म्हणजे शिखरं आणि सरासरी आवाज यांतलं अंतर) आकड्यांबद्दल सक्त सूचना: एलपीचा डीआर सीडीच्या डीआरशेजारी ठेवू नका. अगदी त्याच दाबलेल्या (शिखरं कापून जोरात केलेल्या) मास्टरवरून कापलेली एलपीसुद्धा रेकॉर्ड करून मोजली तर जास्त डीआर दाखवते, कारण कापताना आणि सुईने वाजताना लहरीचा आकार बदलतो आणि सपाट झालेली शिखरं पुन्हा टोकदार दिसतात. संगीत त्याने सुटं होत नाही. 'एलपी डीआर १२, सीडी डीआर ६, म्हणून एलपीचं मास्टरिंग वेगळं' हे अनुमान चूक आहे. मास्टर खरंच वेगळा आहे का ते वर सांगितलेल्या हळू-जोरदार अंतरावरून तपासा.

पद्धतीवर हात बसवायला मेटालिकाचा २००८चा 'डेथ मॅग्नेटिक' घ्या. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात आली होती, त्यामुळे वादन तेच आणि प्रक्रिया वेगळी अशी तयार जोडी मिळते. आवाज न जुळवता सीडी जोमदार वाटते. जुळवल्यावर तिचे ड्रम पातळ आणि चिरकलेले ऐकू येतात.

४. काय ऐकायचं

झांजेची शेपटी, टाळीनंतरची घुमी, गायकाचा श्वास, शेवटचा फेड (हळूहळू विरत जाणारा आवाज). खरखर काढायची प्रक्रिया जास्त झाली की आधी याच गोष्टी मरतात. शास्त्रीय गायनात दोन आलापांमधल्या जागेत तानपुरा ऐका. तो गायक थांबताच बुडत असेल आणि गाताच वर येत असेल तर साफसफाई अति झाली आहे. डावं-उजवं उलटलं नाही ना, तेही पाहा.

जादा गाणी आणि रंगीत पुस्तिका यांना एक वाक्य पुरे.

५. लिहिताना

अल्बमवरचं मत आणि आवृत्तीवरचं मत वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. थोर अल्बमची भिकार आवृत्ती निघते आणि सुमार अल्बमची उत्तम. एकाच तारांकनात दोन्ही कोंबलं की वाचकाला काहीच कळत नाही.

गाजलेला अल्बम आवडला नसेल तर खुशाल लिहा, पण 'उगाच डोक्यावर घेतलाय' हे चाहत्यांबद्दलचं मत झालं, संगीताबद्दलचं नाही. कुठे कंटाळा आला ते मिनिट-सेकंदासह सांगा आणि तिथे काय घडतंय ते लिहा: तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) चौथ्यांदा येतोय, ताल बदलत नाही, गायक शब्द गिळतोय. त्याच साली त्याच प्रकारातला दुसरा अल्बम तेच काम जास्त चांगलं करत असेल तर त्याचं नाव द्या.

'अस्सल अॅनालॉग' असं वेष्टणावर असलं तरी ते स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहू नका. २०२२मध्ये एका नामवंत कंपनीच्या कित्येक एलपींच्या निर्मितीच्या साखळीत डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं. तोवर असंख्य परीक्षणांनी त्यांत अॅनालॉग ऊब ऐकली होती. सांगता येतं ते एवढंच: 'वेष्टणानुसार'.

मजकुराच्या तळाशी दोन्ही आवृत्त्यांचे कॅटलॉग क्रमांक, तुलनेची गाणी, नवी आवृत्ती किती डेसिबल खाली आणली तो आकडा आणि वापरलेले हेडफोन किंवा स्पीकर नोंदवा. लपवून घेतलेल्या चाचणीत किती बरोबर आले तेही, कमी आले असतील तरी.