धर्मावरून घर नाकारलं तर? आधी नकार लेखी मिळवा

"बिल्डिंग कॉस्मो आहे ना?" म्हणजे सगळ्या धर्मांच्या लोकांना चालते ना? मुंबईत घर शोधताना काही लोकांना एजंटला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, भाडं-डिपॉझिट नंतर.

आधी वाईट बातमी सांगतो. संविधानाचं कलम 15(1) धर्मावरून भेदभाव नको म्हणतं, पण ते बांधतं सरकारला, खाजगी घरमालकाला नाही. सगळ्यांना लागू होईल असा भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाहीचे. वर 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा 'मेंबर फक्त पारशी' हा उपविधी (सोसायटीचा स्वतःचा नियम) मान्य केलाय. त्यामुळे सेक्रेटरीला नुसता कलम 15 चा दम देऊ नका, हसेल तो.

मग करायचं काय, तर नकार कागदावर आणायचा. फोनवर "आमच्यात चालत नाही हो" बिनधास्त म्हणतात पण लिहून कोणी देत नाही, म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या तुम्हीच व्हॉट्सॲप करा, की आत्ता तुम्ही मुस्लिम फॅमिलीला फ्लॅट देता येत नाही म्हणालात, सोसायटीचा तसा नियम आहे का ते कळवा. उत्तर आलं तर सोनंच, नाही आलं तरी तारीख-वेळ राहते. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, नुसते स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाहीत, सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं.

मालक तयार आणि सोसायटी आडवी, हे तर नेहमीचंच. आणि इथेच तुमची बाजू जरा भक्कम आहे. सरकारच्या आदर्श (म्हणजे नमुना) उपविधींनुसार भाडेकरू ठेवायला सोसायटीची एनओसी लागत नाही, मालकाने आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची बास. (आपल्या सोसायटीने कोणते उपविधी घेतलेत ते मात्र बघा.) पत्र मालकाच्या सहीनेच जाऊ द्या, मेंबर तो आहे. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट. तरी अडवलं तर मालकाने सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार करायची. फ्लॅट विकत घेतलाय आणि मेंबरशिप देत नाहीत, तर तुम्ही स्वतः तिथेच जाऊ शकता, पुरेसं कारण असल्याशिवाय मेंबरशिप नाकारता येत नाही.

एजंटनेच धर्म विचारून हाकललं तर? कलम 15(2) दुकानांबद्दल बोलतं आणि ते खाजगी लोकांनाही लागू आहे. संविधान सभेत बाबासाहेबांनी 1948 मध्येच सांगितलं होतं की 'दुकान' हा शब्द नुसत्या आत जाऊ देण्यापुरता नाही, सेवा देणारा जो कोणी तो त्यात आला, आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने हाच व्यापक अर्थ धरला. ब्रोकरवर हे वापरून बघायला हरकत नाही असं माझं मत, चांगला वकील मात्र हवा. फीचं टेन्शन असेल तर 15100 वर फोन करून फुकट वकील मिळतो का ते विचारा.

आयोगांचा घोळ खूप जण करतात. राज्य किंवा राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अहवाल मागवतो, पण त्याच्या शिफारशी बंधनकारक नसतात, तरी सरकारी पत्र आलं की सोसायटीची कमिटी जरा नरमते. मानवाधिकार आयोग सरकारी माणसांच्या वागण्यासाठी आहे. म्हणजे घरमालकाविरुद्ध तिथे नाही, पण धर्म बघून पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर नक्की जा, आणि एका वर्षाच्या आत जा. युनोच्या मानवाधिकार समितीकडे आपल्याला वैयक्तिक तक्रार करता येत नाही, नागरी हक्कांचा करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला खरा, पण तक्रारीचा जोड-करार स्वीकारलेला नाही.

बौद्ध असाल तर अजून एक. 1990 पासून बौद्ध दलितांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे घर नाकारताना जात काढली किंवा बहिष्काराची धमकी दिली तर ॲट्रॉसिटी लागते का ते वकिलाला आवर्जून विचारा. ख्रिश्चन किंवा मुस्लिम झालेल्या दलितांना तो दर्जा नाही, म्हणून हा रस्ता त्यांना बंद. जातीचा दाखला काढलेला नसेल तर आजच अर्ज टाका.