बटालियनची वॉर डायरी कशी वाचावी

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळ बटालियनसाठी लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली डब्ल्यूओ 95 ही वॉर डायऱ्यांची, म्हणजे तुकडीनं रोजच्या रोज लिहिलेल्या अधिकृत नोंदींची, मालिका उघडा. मी लढाईच्या तारखांआधी ‘शांत दिवस’ एवढीच नोंद असलेली पानं वाचते. त्या दिवसांतही खंदकातली माणसं पहाटे आणि तिन्हीसांजेला शस्त्रं घेऊन सज्ज उभी राहत, रात्री काटेरी तारा बांधत, पाय सडू नयेत म्हणून व्हेलचं तेल चोळून मोजे बदलत.

डायरीतल्या मृत-जखमींच्या नोंदीत ‘ओ.आर.’ (अदर रँक्स) दिसतं, म्हणजे सार्जंट-मेजरपासून साध्या शिपायापर्यंत, अधिकारी नसलेले सगळे. मेलेल्या अधिकाऱ्याचं बहुधा नाव असतं, यांचा नुसता आकडा. हे मला फार लागतं. तिथे थांबा, तारीख टिपा आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत त्या बटालियनची नावं शोधा. जखमांमुळे मागाहून दगावलेल्यांसाठी पुढचे आठवडेही तपासा.