वर्षभराच्या दिवसाचा ग्राफ काढताय? या चुका टाळा

मुंबई, लंडन, नॉर्वेच्या उत्तरेचं ट्रॉम्सो अशा तीन गावांच्या दिवसाच्या लांबीच्या रेषा एक्सेलमध्ये एकावर एक टाकायच्या, काम तसं फार नाही, पण बहुतेकांची गाडी अक्षांश-तारखेवरून दिवसाचे तास काढायच्या पहिल्याच फॉर्म्युल्याला अडते कारण एक्सेलला कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतो आणि आपण अक्षांश डिग्रीत टाकून मोकळे होतो. आधी तेवढं बघा. सिडनीसारखं दक्षिणेचं गाव असेल तर अक्षांशाला मायनस लावा, नाहीतर तिथेही जूनमध्येच उन्हाळा!

ट्रॉम्सोच्या रांगेत जून आणि डिसेंबरला एरर आला तर घाबरू नका, फॉर्म्युला बरोबरच आहे, तिथे तेव्हा सूर्य मावळतच नाही किंवा उगवतच नाही, मग कोसाइन उलटा काढायला आकडा उणे १ ते १ च्या बाहेर जातो. इफ लावून २४ किंवा ० द्या. आणि तास १३.२ असे साध्या आकड्यात ठेवा, घड्याळाच्या फॉरमॅटमध्ये २४ तास म्हणजे ००:०० दिसतात, म्हणजे भर उजेडात काळोख.

सगळ्यात मोठा घोळ उभ्या ॲक्सिसचा. मुंबईचा दिवस डिसेंबरात ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा, लंडनचा आठपेक्षा कमी ते साडेसोळाच्या वर, पण दोन वेगळे चार्ट काढले की एक्सेल आपल्या मनाने स्केल धरतं आणि दोन्ही डोंगर सारखेच उंच दिसतात. ० ते २४ फिक्स करून टाका, मुंबईची रेषा मग जरा सपाट दिसेल, दिसू दे, ती आहेच तशी.

काहीजण फक्त सूर्योदय प्लॉट करतात आणि म्हणतात बघा, संक्रांतीपासून दिवस तिळतिळ वाढतो हे ग्राफमध्येच आलं. मुंबईत सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला असतो हे खरं, पण सर्वात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीलाच होऊन गेलेला असतो आणि दिवस २२ डिसेंबरनंतर वाढायला लागलेलाच असतो. दोन्ही रेषा काढा, मधलं अंतर म्हणजे दिवस.

२१ मार्चला साधा फॉर्म्युला १२ तास देतो आणि पंचांग काही मिनिटं जास्त, कारण पंचांगवाले बहुधा सूर्याची वरची कड धरतात आणि हवेमुळे सूर्य थोडा वर उचललेला दिसतो तेही धरतात. उगवताना-मावळताना सूर्याची उंची शून्याऐवजी उणे ०.८३ अंश घेतली की जुळतं.

लंडनच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या रेषेत मार्चअखेर तासाची पायरी दिसली तर ते समर टाइम, म्हणजे तिथे उन्हाळ्यासाठी घड्याळ तासाने पुढे करतात, वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) घ्या.