स्पोर्ट्‌स मेडिसिनला आलात? संध्याकाळी मैदानावर जा
नीट-पीजी देऊन एमडी स्पोर्ट्‌स मेडिसिनला लागलात की घरचे विचारतात, "म्हणजे मालिश का?" हसून सोडून द्या. हातात तीन वर्षं आहेत.

ओपीडी उरकली की कबड्डीच्या सरावाला जाऊन बसा. पकडीत गुडघा कसा पिळवटतो ते तिथंच कळतं. एसीएल (गुडघ्यातलं एक लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा) तुटल्याची शंका आली तर लॅकमन टेस्ट करा: गुडघा 20 ते 30 अंश वाकवा, एका हाताने मांडी घट्ट धरा, दुसऱ्याने नडगी पुढे ओढा. शेवटी ठाम अटकाव लागला नाही, तर लिगामेंट तुटल्याचा संशय पक्का. पण आधी चांगला गुडघा तपासा. पहिल्या वर्षी मी तो तपासलाच नाही, आणि मुळातच सैल सांध्यांच्या एका मुलीला उगाच एमआरआयला पिटाळलं.

घोटा मुरगळला की लगेच एक्स-रे नको. ऑटावा नियमांप्रमाणे (एक्स-रे लागेल का, हे ठरवणारे नियम) ठरलेल्या जागी हाड दाबून बघा, चार पावलं टाकायला लावा.

आणि औषध लिहिताना 'वाडा'ची (शनिवारवाडा नव्हे, उत्तेजकविरोधी संस्था) यादी उघडी ठेवा. ती दर 1 जानेवारीला नवी लागू होते. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिनसुद्धा स्पर्धेच्या काळात मर्यादेबाहेर गेलं, तर खेळाडू अडकतो.