एका पॉवर सप्लायवर दोन ग्राफिक्स कार्ड: माझा अनुभव

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या कामासाठी दुसरं आरटीएक्स ३०६० कार्ड लावलं आणि दोन्ही कार्डांवर लोड आला की पीसी धाडकन रीस्टार्ट. जो तो म्हणे, हजार वॉटचा सप्लाय घे. पण हिशेब काही तसा निघेना. एक कार्ड १७० वॉट, दोन मिळून ३४०, प्रोसेसर वगैरे धरूनही साडेपाचशेच्या आत. सप्लाय ७५० चा.

घोळ वायरिंगमध्ये होता. दुसरं कार्ड रायझरवर, म्हणजे मदरबोर्डपासून लांब कार्ड बसवायच्या जोडपट्टीवर होतं आणि जोडून देणाऱ्याने रायझरला साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगच्या) अडॅप्टरने वीज दिली होती. कार्ड ज्या खाचेत बसतं त्या स्लॉटमधून, म्हणजे इथे रायझरमधून, ते ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. साटाचा प्लग १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॉट पेलतो. काढून पाहिला तर प्लास्टिक पिवळं पडलेलं! असले अडॅप्टर विकतातच कशाला, देव जाणे.

आता रायझरला सप्लायचीच सहा-पिनी पीसीआयई (ग्राफिक्स कार्डासाठीची) केबल आहे. दोन्ही कार्डांना स्वतंत्र आठ-पिनी, एकाच केबलचे दोन फाटे नाहीत. केबल कमी पडली म्हणून दुसऱ्या मॉड्युलर (केबल काढता-घालता येणाऱ्या) सप्लायची मात्र लावू नका. टोक बसतं, पण सप्लायकडची पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि कार्ड जळू शकतं.

शिवाय नागपूरचा मे महिना! पारा पंचेचाळिशी गाठतो, म्हणून ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या एनव्हिडियाच्या कमांडने प्रत्येक कार्डाला १४० वॉटची मर्यादा घातली. रेंडर जरा रेंगाळतो, चालतंय. रीबूटनंतर ही मर्यादा पुसली जाते, तेव्हा कमांड स्टार्टअपमध्येच टाकून ठेवली आहे.