डिग्री झाली, आता कच्चा खर्डा वाचणार कोण? मेंटर कसा गाठायचा आणि कसा टिकवायचा

क्रिएटिव्ह रायटिंगचं एमए किंवा एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) करून बाहेर पडलं की सुरुवातीला भारी वाटतं, मग हळूहळू कळतं की आता कुणी डेडलाइन देत नाहीये आणि कादंबरी आहे तिथेच आहे. मग बरेच जण अजून एक वर्कशॉप लावतात, वीकेंडचं, ऑनलाइन, तिथे दहा अनोळखी लोक पहिलं प्रकरण वाचतात आणि पहिल्या प्रकरणाबद्दलच बोलतात. माझं स्पष्ट मत, डिग्री झालेल्याला वर्कशॉपची गरज सगळ्यात कमी. त्याला एकच माणूस पाहिजे, जो सहा महिने त्याचं सगळं ओळीने वाचेल, म्हणजे जी खोड फेब्रुवारीत दाखवली तीच जूनमध्ये परत आली तर ती पकडणारा कुणी असेल.

याची तयार पद्धत आहे, फक्त उचलायची. अमेरिकेत १९७६ साली एलन ब्रायंट व्हॉइट या कवयित्रीने गोडार्ड कॉलेजात लो-रेसिडेन्सी एमएफए सुरू केलं. त्यात वर्षातून दोनदा साधारण दहा दिवस कॅम्पसवर जायचं, बाकीचा वेळ घरी बसून, नोकरी-संसार सांभाळत लिहायचं, आणि दर तीन-चार आठवड्यांनी मेंटरला एक पॅकेट पाठवायचं. पॅकेटमध्ये नवीन पानं, आधीची सुधारलेली पानं, वाचलेल्या पुस्तकांवर छोटी टिपणं आणि सोबत एक पत्र, की या वेळी मी काय करून बघितलं आणि कुठे अडलोय. मेंटर त्यावर लांबलचक उत्तर लिहितो. बस, एवढंच. यातलं काहीही करायला युनिव्हर्सिटी लागत नाही.

आणि आपल्याकडे हे अगदीच नवीन नाही बरं का. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांमधून एकेका कथेवर काम करायचे, खर्डा परत जायचा, पुन्हा यायचा. 'सत्यकथा' १९८२ ला बंद पडलं. आज एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाकडून तेवढी अपेक्षा धरू नका, त्याच्याकडे तेवढा वेळही नसतो आणि माणसंही नसतात.

आता विचारायचं कुणाला? सगळ्यात प्रसिद्ध लेखकाच्या मागे लागू नका. ज्याने तुमच्यासारखंच काम पूर्ण केलंय, म्हणजे तुम्ही कादंबरी लिहिताय तर ज्याच्या दोन-तीन कादंबऱ्या झाल्यात, असा माणूस बघा, किंवा कोर्सला ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमच्या मार्जिनमध्ये खरोखर उपयोगी काही लिहिलं होतं त्यांना विचारा. मेसेज छोटा आणि मोजका ठेवा: "सर, कोर्स झाला. कादंबरीची निम्मी पानं तयार आहेत. जुलै ते डिसेंबर दर महिन्याला २५ पानं वाचून लेखी अभिप्राय द्याल का? मानधन काय ते सांगा. जमणार नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल." "मला मार्गदर्शन करा" असं मोघम लिहिलं की समोरचा घाबरतो, कारण ते कुठे संपणार ते त्याला कळत नाही. मानधनाचा विषय तुम्हीच काढा, आपल्याकडे लेखक स्वतःहून पैसे मागायला लाजतात आणि मग मनातल्या मनात वैतागतात. आणि जो म्हणेल मेंटरिंग घ्या, पुस्तकही आम्हीच छापू, इतके हजार भरा, त्याला लांबूनच नमस्कार. वाचणारा आणि छापायचे पैसे घेणारा एकच असला की तुमचा खर्डा त्याला नेहमीच छान वाटणार.

पैसेच नसतील तर स्कीम बघा. वय ३० च्या आत असेल तर नॅशनल बुक ट्रस्ट चालवतं ती पीएम-युवा, २०२१ ला सुरू झाली, निवड झाली तर सहा महिने मेंटरिंग आणि महिना ५०,००० रुपये, आणि मराठीतून लिहिता येतं. फक्त विषय ते ठरवतात, त्यामुळे हातातली कादंबरी बाजूला ठेवावी लागेल याचा विचार करून अर्ज करा. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी साउथ एशिया स्पीक्स हा मेंटरिंगचा कार्यक्रम आहे, वर्षभराचा, फी नाही, आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यांनी तर नक्कीच बघावं. परदेशात जायची तयारी असेल तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीची स्टेगनर फेलोशिप, दोन वर्षं, शेवटी डिग्री वगैरे काही मिळत नाही आणि एमएफए झालेले बरेच जण तिथे अर्ज करतात, पण स्पर्धा भयंकर आहे.

एकदा सुरू झालं की पॅकेटसोबतच्या पत्राकडे दुर्लक्ष करू नका, पानांपेक्षा तेच महत्त्वाचं. "कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याला "छान" हेच उत्तर मिळतं. विचारा की, समजा, कादंबरीतली आजी कुठल्या पानापासून खोटी वाटायला लागते. अभिप्राय आला की लगेच फोन करून वाद घालायचा मोह होतो, दोन दिवस जाऊ द्या, मग उत्तर लिहा. सगळंच ऐकायचं असं नाही, पण काय ऐकलं नाही आणि का, ते पुढच्या पत्रात सांगायचं, नाहीतर मेंटरला वाटणार की आपण भिंतीशी बोलतोय.

मेंटरचं उत्तर लांबलं तर ठरलेल्या तारखेनंतर आठवडाभराने एक साधी आठवण करा, एकच. तोपर्यंत पुढच्या पॅकेटची पानं थांबवू नका, कारण तो उशिरा आला म्हणून तुमची तारीख पुढे जात नाही.