‘निश्चल’ की ‘निश्छल’? न हलणाऱ्या शब्दांतल्या चुका

‘तळ्याचं पाणी निश्छल होतं.’ वाचताना खटकत नाही, पण या वाक्यातलं पाणी शांत नाही, निष्कपट आहे! निः + चल म्हणजे निश्चल, न हलणारा. निः + छल म्हणजे निश्छल, मनात कपट नसलेला. शब्द दोन्ही शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही गप्प बसतं. २०१६ साली नोटा बाद झाल्या तेव्हा गाजलेल्या ‘निश्चलनीकरण’मध्येही काहींना हाच ‘निश्चल’ दिसतो. तिथे मुळात ‘चलन’ आहे.

खरा घोळ ‘स्थिर’चा. हा शब्द हालचालीबद्दल बोलतो आणि बदलाबद्दलही. ‘गाडी स्थिर वेगाने धावतेय’ म्हणजे गाडी धावतेच आहे, फक्त वेग कमीजास्त होत नाही. ‘भाव स्थिर’ म्हणजे उतरले असं नव्हे. चढे भावही स्थिर असतात. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर’ ऐकून लोक ‘म्हणजे बरं आहे’ असा अर्थ घेतात. ‘प्रकृती चिंताजनक, पण स्थिर’ या वाक्यात मात्र काहीही विसंगत नाही. शंका आली तर ‘स्थिर’च्या जागी ‘न बदलणारा’ घालून पाहा. वाक्य टिकलं तर ‘स्थिर’ ठेवा. नुसतं न हलणं सांगायचं असेल तर ‘निश्चल’ घ्या, किंवा सरळ साधं बोला. रस्त्याकडेची गाडी ‘स्थिर’ कशाला, ‘उभी’ असते.

आणि ‘स्थीर’ नको. खीर, तीर लिहायची सवय असल्याने हात दीर्घाकडे वळतो, पण हा तत्सम शब्द आहे, संस्कृतातली ऱ्हस्व वेलांटी तशीच राहते.

‘स्तब्ध’ हा ‘स्तंभ’च्या कुळातला, म्हणून त्यात त, ‘स्थब्ध’ चूक. ‘निस्तब्ध’ त्याच्या उलट नाही, उलट अधिकच शांत: निस्तब्ध रात्र.

मालमत्तेच्या कागदांत हल्ली ‘अचल संपत्ती’ दिसते. ती हिंदीची सवय. मराठीत ‘स्थावर’ आहे, जोडीला ‘जंगम’ही.

राहिला माझा लाडका ‘ढिम्म’. न हलण्याबरोबर त्यात बोलणाऱ्याचा वैतागही असतो. ‘दहा हाका मारल्या, पण ढिम्म हलला नाही’ झकास. ‘योगी समाधीत ढिम्म बसले होते’ लिहिलंत, तर योग्यांचं काही बिघडणार नाही, वाचक हसेल.